नेपाळात पाणी अडवायला

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण धाराशिव जिल्ह्यातून नेपाळात सेवा करायला गेलो, आणि आमच्या सेवेमुळे एका म्हाताऱ्या बाईला स्वतःचं घर सोडून शेजारणीकडे झोपायला जावं लागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत या यात्रेचा जो वृत्तान्त वाचला गेला त्यात हा भाग नव्हता. वृत्तान्त मीच लिहिला होता.

मी भूमच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे. दर रविवारी चर्चला जाते, शेवटून दुसऱ्या बाकावर बसते आणि उपदेश लांबला की खिडकीतून लिंबाचं झाड बघते. कुणी कुणाचा सत्कार करू लागलं की माझा चेहरा बदलतो, असं आमच्या पाळकीणबाई म्हणतात. तरुण संघाच्या मिशन ट्रिपला माझी निवड झाली ती अर्थातच या गुणांमुळे नाही. संघातल्या नऊ जणांत चार मुली होत्या, त्यांच्या आयांना बरोबर एक बाईमाणूस हवं होतं, आणि सुट्टीत मोकळी असलेली, गुडघे शाबूत असलेली मी एकटीच सापडले.

बॅनरवर 'आंतरराष्ट्रीय सेवायात्रा' असं छापलं होतं. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं ओळखपत्र चालतं. ज्या कार्डावर आपण ग्रामपंचायतीला मत देतो त्याच कार्डावर निघालेली यात्रा कितपत आंतरराष्ट्रीय म्हणायची, अशी शंका मी काढली. आमच्याबरोबर येणारे पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि माझा मान ठेवतात. ते म्हणाले, "बाई, शंका बरोबर आहे तुमची. पण बॅनर छापून झालाय."

निरोपसमारंभ येडशीच्या स्टेशनवर झाला, कारण पाळकसाहेबांची सासुरवाडी येडशीची आणि जेवणाचे डबे तिथून यायचे होते. तीन भाषणं ठरली होती. गाडीला उशीर होता म्हणून चौथंही झालं. त्यात आमची तुलना प्रेषितांच्या पहिल्या प्रवासांशी करण्यात आली. शेजारच्या रामलिंगच्या रानातली माकडं फलाटाच्या पत्र्यावर बसून ऐकत होती. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली तेवढ्यात त्यातल्या एकाने केळ्यांची पिशवी नेली. मला मनापासून हसू आलं. बॅनर, हार, भाषणं, माकडं, हे सगळं मी मनात टिपून ठेवत होते. पुढे कधीतरी यावर खुसखुशीत काही लिहायचं आणि त्यात आपण कडेला उभं राहून बघणाऱ्या शहाण्या बाई असणार, असा माझा बेत होता. तो बेत ज्या गोष्टीने बिघडला ती माझ्याच पिशवीत होती.

पाणसळीची नळी. गवंडी वापरतात ती, पंधरा मीटर लांब, पारदर्शक.

याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही येणार असं कळतं तेव्हा येतंच असं नाही. घराघरात पलंगाच्या आधी टाकी आणि बॅरल बघून ठेवतात. काही वर्षांपूर्वी गावोगाव श्रमदान सुरू झालं. उन्हाळ्यात पहाटे उठून कुदळ-फावडी घेऊन माळावर जायचं आणि उताराला आडवे, एका पातळीत चर खणायचे. पडेल ते पाणी जागच्या जागी अडवायचं, जिरवायचं. मीही गेले. भूगोलाची शिक्षिका म्हणून पातळी काढायचं काम माझ्याकडे आलं. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी सांगेल ती रेघ. त्या पावसाळ्यात चर भरले तेव्हा बायका पूजेचं ताट घेऊन बघायला आल्या. विहिरींना पाणी वाढलं. शाळेने माझ्या अंगावर शाल घातली. शाली घेणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले, पण ती शाल मी अजून डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. तेव्हापासून मी 'पाण्याच्या बाई' झाले. माझा एक दोष मी तेव्हा ओळखायला हवा होता. उतार दिसला की माझा हात नळीकडे जाऊ लागला.

सीमेवर तिकडच्या शिपायाने ती नळी पिशवीतून काढली आणि हे काय म्हणून विचारलं. मी त्याला हिंदीत सगळं तत्त्व समजावू लागले. माझं अर्ध्यावर आलं नसेल तेवढ्यात त्याने आम्हा अकराही जणांना जाऊ दिलं.

सीमा ओलांडून बसने अख्खा दिवस डोंगर चढून गेल्यावर ते गाव आलं. पंचवीस-तीस घरं, दगडी छपरं, पायऱ्यांसारखी उतरत गेलेली शेतं, ओसरीला टांगलेली मक्याची कणसं. तिथल्या छोट्या मंडळीचे प्रमुख आम्हाला घ्यायला आले. त्यांना सगळे दाजू म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही तसंच म्हणू लागलो. दाजूंनी बारा वर्षं पुण्यात हॉटेलच्या भटारखान्यात काढली होती. हिंदी उत्तम, मराठी भांडी आणि शिव्यांपुरती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काम दाखवलं. चर्चच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्या बाईचं घर होतं. तिला सगळं गाव आमा म्हणायचं, आई. मुलगा आखातात कामाला, सून नातवंडांच्या शाळेसाठी खाली शहरात. घरात आमा आणि गोठ्यात म्हैस. घर डोंगराच्या पायाशी टेकलेलं, आणि डोंगर घरावर येऊ नये म्हणून मागे पुरुषभर उंचीची कोरड्या दगडांची भिंत. त्या भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं. ती पुढचा पावसाळा काढणार नाही आणि ती गेली तर घर जाईल, असं दाजूंनी साध्या शब्दांत सांगितलं. आम्ही करायचं ते इतकंच: ओढ्यातून चपटे दगड वाहून वर आणायचे. भिंत उतरवून पुन्हा रचायचं काम गावातली दोन माणसं आणि स्वतः आमा करणार होती.

पाळकसाहेबांनी आनंदाने मान डोलावली. मुलं बाह्या सरसावू लागली. मी मात्र वर बघत होते.

डोंगरात एक झरा होता. त्याचं पाणी वीतभर रुंदीच्या चरीतून खळखळत यायचं, भिंतीला वळसा घालायचं आणि खालच्या घळीत पडायचं. दिवसभर, रात्रभर. कुणी अडवत नव्हतं, कुणी हंडा लावत नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंना उघडा उतार, एकही चर नाही. मला ते बघवेना. खरंच सांगते, उघडा राहिलेला नळ बघून होते तशी तगमग झाली. आणि दुसरा, तितकाच खरा विचार असा की आपण सीमा ओलांडून, तीन गाड्या बदलून इथवर आलो ते काय दगड वाहायला?

नाश्त्यानंतर मी सगळ्यांना बसवलं आणि भजनाच्या कागदामागे आकृती काढली. भिंत हा वरवरचा इलाज आहे, म्हटलं. मूळ दुखणं वर उतारावर आहे. पाणी धावतं, माती आणतं, भिंतीवर भार येतो. धावणारं पाणी वरच अडवलं, समतल चरात जिरवलं, की खाली भिंतीची गरजच उरणार नाही. शिवाय झऱ्याची ही चर दगडमातीने बुजवून पाणी आपल्या चरांत वळवलं तर उतार बारमाही हिरवा होईल. मुलांचे डोळे चमकले. त्यातल्या निम्म्यांनी आमच्या माळावर माझ्या हाताखाली कुदळ मारली होती. इतक्या वर्षांत कुणाचा उपदेश एवढ्या एकाग्रतेने ऐकला गेलेला मी पाहिला नव्हता, आणि तो नेमका माझा होता.

दाजूंनी आकृतीचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, तुम्ही शिकलेली माणसं आहात, विचार करूनच बोलत असाल.

याला मी होकार समजले.

आम्ही नळी घेऊन वर चढलो तेव्हा आमा झऱ्याची चर साफ करत होती. रोज सकाळी ती लहान कुदळ घेऊन वर जायची आणि चरीतला पालापाचोळा, गोटे काढून टाकायची. ठेंगणी, कमरेला पटका गुंडाळलेली, साठीच्या पुढची. आम्ही काय करणार ते दाजूंनी सांगितल्यावर ती कुदळ टेकून उभी राहिली आणि बोलू लागली. बरंच बोलली. हात एकदा चरीकडे, एकदा घराकडे, एकदा माझ्याकडे. बोलून झाल्यावर मी दाजूंना विचारलं, काय म्हणतात?

दाजू म्हणाले, "आमा म्हणतात, तुम्ही लांबून आलात, दमाल."

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंच भाषांतर कसं, हा प्रश्न नववीतल्या पोरालाही पडला असता. मी आमाचे हात हातात घेतले आणि आम्हाला मुळीच दमायला होत नाही असं हसून सांगितलं. तिने हात सोडवून घेतले.

तीन दिवस आम्ही खणलं. माती मऊ, कुदळ लोण्यात गेल्यासारखी जायची. मुरुमावर हात फोडून घेतलेल्या आमच्या पोरांना ही चैन होती. इतकी मऊ माती उतारावर कशी काय टिकून आहे, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्या तर नाहीच. सहा चर झाले, सरळ, एका पातळीत, बघत राहावं असे. झऱ्याच्या चरीत आम्ही दगडमातीचा घट्ट बांध घातला. फोटो मंडळीच्या ग्रुपवर गेले. स्तुतीचे निरोप आले, जोडलेले हात आले. आमच्या एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, तिकडं टँकर कुठल्या तालुक्यातून येतो?

संघाची सेक्रेटरी ही माझीच जुनी विद्यार्थिनी, आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, बाई, ती आमा रोज येऊन भिंतीला हात लावून बघती. मी म्हटलं, तिला कुतूहल असेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तीनच्या सुमाराला, पाऊस आला. तो यायचा दिवस नव्हता. त्यांच्याकडेही तेव्हा पाऊस संपलेला असतो. पण ढग खालून दरीतून वर आले आणि बघता बघता धारा लागल्या. आम्ही चर्चमध्ये गाण्यांचा सराव करत होतो. पहिला थेंब पत्र्यावर वाजला आणि अकराच्या अकरा माणसं बाहेर धावली. आडोशाला नव्हे, वर, चरांकडे. एकेक चर भरू लागला. पहिला काठोकाठ झाला, मग दुसरा. मुलं ओरडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. आमच्या माळावर ज्यासाठी दोन-दोन वर्षं वाट बघावी लागते ते इथे अर्ध्या तासात झालं होतं. पाळकसाहेबांनी भिजत उपकारस्तुतीची प्रार्थना केली. मी 'आमेन' इतक्या मोठ्याने म्हटलं की मलाच नवल वाटलं. डोळ्यांत पाणी होतं. मग आम्ही गाणं धरलं.

दुसऱ्या कडव्यात सेक्रेटरीने माझा दंड धरला आणि खाली दाखवलं. आमा गोठ्यातून म्हैस बाहेर काढत होती. म्हैस जायला तयार नव्हती. आमाने तिला शेजारच्या घराकडे ओढत नेलं, परत आली, घरात गेली आणि डोक्यावर गादी-गोधड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडली. गाणं एकेका आवाजाने थांबलं.

आम्ही घसरत खाली गेलो. भिंतीचं पोट दुप्पट झालं होतं. दगडांच्या फटींतून गढूळ पाणी पिचकाऱ्यांसारखं उडत होतं. आम्ही वर जिरवलेलं सगळं पाणी डोंगराच्या पोटातून भिंतीमागे येऊन बसलं होतं, आणि ज्या वाटेने ते इतकी वर्षं निमूट बाजूने निघून जायचं ती वाट आम्ही बुजवली होती. दाजू धावत आले. पुण्यात शिकलेल्या मराठीतलं त्यांनी जे वापरलं ते भांड्यांविषयी नव्हतं. मग आमाची कुदळ माझ्या हातात देऊन ते हिंदीत म्हणाले, "बाई, बांध फोडा. आत्ता."

मी उभीच होते. मला अजून, तेव्हाही, काहीतरी समजावून सांगायचं होतं. सेक्रेटरीने माझ्या हातातली कुदळ घेतली.

"बाई, नववीच्या पेपरात तुम्हीच इचारलं हुतं, भूस्खलनाची कारणं," ती म्हणाली. "उतारावर पाणी मुरतं, ह्यो मुद्दा म्या लिवला न्हवता. तुम्ही मार्क कापला हुता."

आणि ती वर पळाली.

बांध फोडायला पाच मिनिटं लागली. झऱ्याचं पाणी पुन्हा आपल्या वाटेला लागलं. चरांतलं पाणी मात्र तसंच होतं, आणि ते क्षणाक्षणाला खाली मुरत होतं. चराची कड फोडली तर लोंढा थेट घरावर. म्हणून सहाही चर हाताने उपसून पाणी झऱ्याच्या चरीत ओतायचं ठरलं. चर्चमधली डाळीची पातेली, बादल्या, मिळेल ते घेऊन आम्ही पाणी उपसू लागलो. टँकरच्या गावात वाढलेला आमचा एक तरुण पातेलं भरायचा, ओतताना थबकायचा. "लई पाप लागंल, बाई," तो म्हणाला. त्याच्या आईला पाण्याच्या एका घागरीसाठी रांगेत उभं राहताना मी पाहिलेलं आहे. मी त्याला म्हटलं, पाप माझ्या नावावर धर आणि ओत.

चार चर उपसून झाले असतील तेव्हा भिंत गेली. मोठा आवाज वगैरे झाला नाही. मधला भाग पोत्यातून धान्य सांडावं तसा खाली बसला आणि बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. दगड आणि चिखल गोठ्यावर गेले. गोठ्याचं छप्पर मोडलं. चिखल घराच्या मागच्या खिडकीपर्यंत चढला आणि तिथे थांबला. घर उभं राहिलं. आमा शेजारणीच्या ओसरीवरून बघत होती. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच फार जड गेलं.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर दाजूंनी मला खरं भाषांतर सांगितलं. पहिल्या दिवशी आमा म्हणाली होती, माझं पाणी अडवायला या बाईला कुणी सांगितलं? भिंत गेली तर ही तिच्या गावाहून ती धरायला येणार आहे का? मी विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? दाजूंना अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मागच्या वर्षी एक गट आला होता, त्यांनी चर्च आतून जांभळं रंगवलं. ते गेल्यावर आम्ही पुन्हा पांढरं केलं. तुम्ही गेल्यावर तुमचे चर एका दिवसात बुजवणार होतो. आमाला तसं सांगितलंही होतं. पाऊस मध्येच येईल असं कुणाला वाटलं?

म्हणजे आमची सेवा करून घेणं हीच त्या गावाची आमच्यावरची सेवा होती. येडशीच्या फलाटावर मी ज्यांना हसत होते त्यातलं कुणीही एवढ्या थराला गेलं नव्हतं. बॅनरने कुणाची भिंत पाडली नव्हती.

आता आमच्या हातात चार दिवस होते. खिंडार तसंच ठेवून आम्ही गेलो तर आमाला सगळी थंडी शेजारणीच्या दारात काढावी लागणार होती. गावातल्या दोन माणसांना आपापल्या शेतांतून सवड काढून ते काम महिना-दोन महिने पुरलं असतं. पाळकसाहेबांनी रात्रीच्या प्रार्थनेत मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो त्यांनी दिला असता तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की उद्या सहा वाजता ओढ्यावर.

सकाळी मी आमाकडे क्षमा मागायला गेले. रात्रभर मनात हिंदी वाक्यं जुळवली होती. त्यांत 'अज्ञानवश' होतं, 'अंतःकरण' होतं. आमा खिंडारातला चिखल खोऱ्याने ओढत होती. मी हात जोडून सगळं म्हटलं. तिने थांबून ऐकून घेतलं, दाजूंना दोन शब्द सांगितले आणि पुन्हा खोरं उचललं. दाजू म्हणाले, "आमा म्हणतात, दगड चपटे आणा. गोल नकोत."

मग चार दिवस आम्ही दगड वाहिले. ज्या कामाला मी नाक मुरडलं होतं तेच, फक्त दुप्पट. ओढ्यापासून घरापर्यंत माणसांची साखळी लावली. चढ असा की एकेका पायरीवर एक माणूस. दुपारी निम्मी मुलं वर जाऊन चर बुजवायची, माती पायाने दाबायची. मला आमाने पहिल्या दिवशी भिंतीपाशी उभं केलं ते शिक्षा म्हणून की वर चढताना माझी झालेली दशा पाहून, हे मला आजही माहीत नाही. मी दगड तिच्या हातात द्यायचा, तिने तो फिरवून बघायचा आणि बसवायचा किंवा मागे फेकायचा. पहिल्या दिवशी माझे बहुतेक दगड मागे गेले. तिसऱ्या दिवशी तिने मला एक थर लावू दिला, आणि मी चहाला गेले तेवढ्यात तो काढून पुन्हा लावला. भिंत तिने किंचित डोंगराच्या बाजूला झुकती रचली आणि तळाशी ठरावीक अंतरावर फटी ठेवल्या. मी बोट दाखवल्यावर तिने वरून खाली हात फिरवला: पाणी जाऊ दे. भूगोलाच्या पुस्तकात याला अर्धं पान आहे. मी ते पंचवीस वर्षं शिकवते आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता चर्चमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. बॅनर लागला होता. गावातल्या बायकांनी फुलांच्या माळा केल्या होत्या. भिंतीचे दोन थर राहिले होते. साडेचारला पाळकसाहेब मला बोलवायला आले, अंगात कोट, गळ्यात टाय. सगळे थांबलेत, तुमची साक्ष आहे, यात्रेचा अनुभव सांगायचाय, म्हणाले. मी म्हटलं, साक्ष द्यायला माझ्याजवळ जे आहे ते माळ घालून सांगण्यासारखं नाही. त्यांनी आमाकडे पाहिलं, कोट काढून डाळिंबाच्या फांदीला अडकवला आणि दगड पुढे द्यायला साखळीत उभे राहिले. थोड्या वेळाने मुलंही आली, आणि त्यांच्यामागून माळा हातात घेतलेल्या बायका. कार्यक्रम तसाच राहिला. माळा नंतर म्हशीच्या गळ्यात गेल्या. तिने त्यातली एक खाल्ली.

शेवटचा दगड आमाने स्वतः ठेवला. मग ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा टेकवत चालत गेली. दोन ठिकाणी थांबली, फटींत दगडाच्या चिपा ठोकल्या. वर जाऊन चर बघून आली. आम्ही सगळे निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे उभे होतो. ती शेजारणीकडे गेली आणि गादी-गोधड्यांचं गाठोडं घेऊन आली.

तिला बघून मी पुढे धावले आणि गाठोड्याला हात घातला. तिने ते दुसऱ्या काखेत घेतलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी दाजूंकडे पाहिलं. ते अडखळले. सेक्रेटरी म्हणाली, "दाजू, जसं हाय तसं सांगा की."

"आमा म्हणतात," दाजू म्हणाले, "या बाईंना सांग, पुष्कळ केलंत. आता काही करू नका. बसा."

पोरं हसली. आमाही हसली, पण शब्द मागे घेतले नाहीत. मी अंगणातल्या दगडावर बसले, आणि ती आत जाऊन अंथरूण घालून चूल पेटवेपर्यंत कशालाही हात लावला नाही.